रस्त्याकडे तोंड केलेल्या वहाणा

मिरकरवाड्यातले एक सारंग रोज आमच्याकडे चहाला येत. आगबोटीवर खलाशांचे मुकादम असताना ते जपान पाहून आले होते. तिथल्या नावाजलेल्या देवळाजवळ पाहुणेघर निवडताना त्यांनी म्हणे फक्त दारातल्या वहाणा पाहिल्या. "जिथं त्या रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या, तिथंच उतरलो," ते डोलत सांगत. "जाऊ देणाऱ्या घरातच रव्हायला बरा वाटता."

माझ्या बहिणीला पाहायला मंडळी आली, तेव्हा सारंगांनी हौसेनं सगळ्यांच्या वहाणा तशाच फिरवून ठेवल्या. आपल्याला वाटेला लावतायत, असं समजून मुलाचे वडील पोहे न खाताच निघाले. त्यांना परत आणायला मी धावलो, तर पाय थेट माझ्या वहाणांत शिरले.

"बघितलंत?" मागून सारंग म्हणाले. "किती सोपा झाला."