पावसाळ्याची बेगमी

बंगळूरला आमचा संसार टिकणार की मोडणार, हे एका पावसाळ्यावर ठरायचं होतं. पन्नासचं दशक सरत आलं होतं. बाबांना सरकारी कारखान्यात नोकरी लागली, शहराबाहेरच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं आणि त्यांनी मालवणकडच्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावातून आईला आणि मला इथे आणलं. आईने आल्याआल्याच सांगून टाकलं, "एक पावसाळो बघतंय. नाय करमला तर चवथीक भाव येतलो, त्याच्यावांगडा जातलंय. मगे परत येवचंय नाय."

चतुर्थीला मामा आला की त्याच्याबरोबर कायमची निघून जाणार म्हणाली म्हणजे जाणारच; ती बोलेल ते करणारी बाई. आणि ती गेली की मलाही जावं लागणार, बाबा एकटे राहणार, हे न सांगता कळण्याइतकी मी मोठी होते.

मला तर ती कॉलनी पहिल्याच दिवशी आवडली होती. बैठी घरं, प्रत्येकापुढे हातभर बाग, चालत जाण्याइतकी जवळ शाळा, आणि संध्याकाळी रस्ताभर पोरंच पोरं. खेळताना भूक लागली तर समोर जे दार असेल त्यात शिरायचं. कुणाची तरी आई दही-भात वाढायचीच. एवढं सुख सोडून समुद्रासाठी झुरणारी माझी आई मला त्या वयात अगदी हट्टी वाटे.

येताना तिने गावाहून पावसाळ्याची बेगमी बरोबर आणली होती. आमच्याकडे पाऊस लागला की होड्या किनाऱ्यावर ओढतात, खाडी ओलांडायच्या नावा बंद होतात, बाजार रोडावतो. घरात साठवलं असेल तेच चार महिने खायचं. म्हणून उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सोडे, सुकट अशी वाळवलेली मासळी, खारवलेले बांगडे, सगळं बोचक्यांतून आलं. आगगाडीच्या डब्यात लोक नाकाला पदर लावून बसले होते. इथे आल्यावर तिने न्हाणीघर लाकडांनी भरलं. जवळच्या खेड्यातून माडाची झावळं मागवली, अंगणात बसून झाप विणले आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून सगळा व्हरांडा बंद करून टाकला.

आणि मग ती पावसाची वाट बघत बसली.

इथला पाऊस म्हणजे संध्याकाळी येणार, अंगण शिंपडल्यासारखं करणार आणि निघून जाणार. सकाळी लख्ख ऊन. भाजीवाली रोज दारात. झापांमुळे आमच्या घरात मात्र भरदिवसा काळोख. कॉलनीच्या ऑफिसातला माणूस येऊन चौकशी करून गेला, घरात कुणी आजारी आहे का म्हणून. हसावं की रडावं, बाबांना कळेना. तिला राहा म्हणून त्यांनी एकदाही म्हटलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आषाढात एका ढगाळ दुपारी आईने सुकट भाजायला घेतली. आजूबाजूला सगळी सोवळ्यातली घरं. खिडक्या धडाधड बंद झाल्या. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. आई म्हणाली, आता भांडण. पदर खोचूनच तिने दार उघडलं.

मागच्या ओळीतली एक तरुण बाई उभी होती. कुंदापूरकडची, म्हणजे तीही समुद्राकाठची, हे आम्हाला नंतर कळलं. चेहरा ओढलेला, एक हात पोटावर. ती मान खाली घालून म्हणाली, "अक्का, ओण मीनु... स्वल्प."

'स्वल्प' म्हणजे थोडं, हे आईला भाजीवालीमुळे ठाऊक होतं. तिला सुकी मासळी हवी आहे, हे त्या पोटावरच्या हाताने आणि घरभर सुटलेल्या वासाने सांगितलं. आईने तिला पाटावर बसवलं, गरम भात वाढला, वर सुकटीची कोशिंबीर. ती जेवली आणि जेवताजेवता रडली. तिला आई नव्हती. नवरा कारखान्यात पाळीवर जाई, आणि त्याला डोहाळे म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. आई मालवणीत बोले, ती कन्नडमध्ये. चार महिन्यांची बेगमी तिच्या डोहाळ्यांना पुरी पडत होती. एक दिवस शाळेतून आले तर झाप काढलेले, आणि दोघी व्हरांड्यात उजेडात बसून जुन्या लुगड्याची दुपटी शिवत होत्या. आता ती राहणार का, हे आईला विचारायची मला भीतीच वाटत होती.

चतुर्थी आठवड्यावर आली आणि मामा दारात उभा राहिला. रात्रीची गाडी होती. आई दुपटीच शिवत बसली होती. मामा म्हणाला, "सामान खंय आसा?"

आईने दोरा दाताने तोडला. "दादा, माका येवक जमाचा नाय. त्या पोरीक सातवो म्हयनो लागलो. हंय तिचा माझ्याशिवाय कोण आसा?"

बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. ते उठले, मामाच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि त्याला जेवून जा म्हणाले. मला तर रडूच फुटलं. गावची चतुर्थी चुकली म्हणून पोर रडते, असं मामाला वाटलं, आणि तो बिचारा कितीतरी वेळ माझी समजूत घालत बसला.