एकही प्रकरण न संपवलेल्या बाई

आमच्या बाईंनी अख्ख्या नोकरीत गणिताचं एकही प्रकरण संपवलं नाही. हा त्यांच्यावरचा आरोप आहे. लेखी आहे, संस्थेच्या शिक्क्यासकट आहे आणि खरा आहे. तो खोडून काढायला मी बसलेली नाही. मी त्यांच्या सातवी 'ब'मध्ये होते, आणि त्यांच्याबद्दल कागदावर जे काही लिहिलं गेलं त्यात एवढी एकच ओळ धड आहे असं माझं मत आहे.

शाळा मंगळवार पेठेतली, एका संस्थेची. नाव घालत नाही. तशी शाळा तुमच्याही पेठेत असेल. 'अ' तुकडीतली निम्मी पोरं शाळा सुटली की रिक्षात बसून राजारामपुरीत क्लासला जायची. 'ब'मधले आम्ही घरी जायचो. आमचे आईबाप फौंड्रीत, लेथवर, मंडईत, दुसऱ्यांच्या धुण्याभांड्यांवर. तुकड्या हुशारीवर पाडल्यात, असं सांगायचे. आमची हुशारी कुणी, कधी आणि कशानं मोजली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बाई बुटक्या होत्या, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. वर्गात आल्या की आधी फळ्यावर एक उभी रेघ मारायच्या. रेघेच्या उजवीकडे हातभर जागा उरायची. आजचं नवं त्या हातभर जागेत मावलं पाहिजे, हा त्यांचा कायदा. अपूर्णांकांचा गुणाकार सुरू झाला त्या दिवशी आम्ही फक्त कागदाच्या घड्या घातल्या आणि अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव, एवढंच शिकलो. दहा मिनिटं. मग डावीकडच्या मोठ्या जागेत वीस गणितं. दोन आजची, अठरा जुनी. कुठलं जूनमधलं, कुठलं गेल्या आठवड्यातलं, एखादं पाचवीतलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी अपूर्णांक पुढे जायचे नाहीत. कोन यायचे, मग ऋण संख्या, मग शेकडेवारीची पहिली पायरी, आणि चार-पाच दिवसांनी अपूर्णांक पुन्हा एक पाऊल पुढे. चौदा प्रकरणं एकाच वेळी, मुंगीच्या पावलानं, रांगेत चालली होती.

पोरं त्यांना 'शिळ्या बाई' म्हणायची. त्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी रेघ मारता मारता, आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळी शिळी भाकरी खाऊन येतासा की न्हाय शाळेत? ती पचती. मग शिळं गणित तेवढं बाधतंय व्हय?" वर्ग हसला. नाव मात्र गेलं नाही, आणि बाईंनी ते घालवायचा प्रयत्नही केला नाही.

त्यांनी तपासलेल्या वहीत फुली नसायची. चुकलेल्या गणिताशेजारी लाल शाईत एक आकडा असायचा. रोजच्या त्या हातभर नव्याला त्या नंबर द्यायच्या, आमच्या वहीत तेच नंबर असायचे. एक्केचाळीस लिहिलेलं दिसलं की एक्केचाळिसावा धडा उघडायचा, वाचायचा आणि गणित पुन्हा करायचं. एकदा मी उभी राहून वाद घातला. आमच्याकडे पोरीही स्वतःला 'करतो, जातो'च म्हणतात, तशीच मी म्हणाले, "बाई, मला येतंय हे. घाईत चुकलो."

"येतंय तर मग आलं का न्हाय?"

"गेल्या महिन्यात आलं होतं की."

"गेल्या महिन्यात जेवलीस, म्हणून आज उपाशी ऱ्हातीस व्हय? बस खाली, वकीलबाई. एक्केचाळीस काढ."

तेव्हापासून मी वर्गाची वकीलबाई झाले. आज मोर्च्यात पत्रकं वाटते तेव्हाही जुनी पोरं तीच हाक मारतात.

शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी बाई परीक्षा घ्यायच्या, पण त्या आठवड्यात शिकवलेलं काहीही विचारायच्या नाहीत. पेपरात आलेलं सगळं किमान आठ दिवस जुनं असायचं. "ताजं तर पोपटबी सांगतोय," त्या म्हणायच्या. "आठ दिवस झोपून उठल्यावर डोक्यात जेवढं ऱ्हातंय, तेवढंच तुमचं." आपल्याकडे शिक्षणावर दर वर्षी केवढ्या परिषदा होतात, केवढे फ्लेक्स लागतात. या एका वाक्याच्या तोडीचं त्यात मी अजून काही ऐकलेलं नाही.

माझ्या शेजारी अमृता बसायची. जूनमध्ये ती सात आठे बोटांवर मोजायची, तीही बाकाखाली, कुणाला दिसू नये म्हणून. बाईंना दिसायचं. त्यांनी तिला कधी फळ्यावर बोलावून लाज आणली नाही आणि कधी सूटही दिली नाही. अठरा शिळ्या गणितांत रोज एक तरी गणित असं निघायचं की ज्यात सात आठे यायचेच. दिवाळीच्या सुट्टीत मंडईत तिच्या आईच्या पाटीशेजारी बसून तिनं एका गिऱ्हाइकाला दीडपाव दोडक्याचा भाव तोंडी सांगितला. गिऱ्हाइकानं मोबाइलवर तपासला. तिनं नंतर मला सांगितलं, "त्यानं तपासलं ते बरं वाटलं. बरोबर आलं ना."

दिवाळीनंतर संस्थेचे तपासनीस आले. त्यांच्याकडे एक तक्ता होता: प्रकरणाचं नाव आणि पुढे 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण'. 'अ'च्या सरांची आठ प्रकरणं पूर्ण होती. बाईंनी चौदाच्या चौदा प्रकरणांपुढे 'सुरू' लिहून दिलं होतं.

"बाई, 'सुरू' असा रकाना नाही," साहेब म्हणाले.

"न्हाय, म्हणून तर हातानं लिहिलंय."

"नोव्हेंबर संपत आला. एकही प्रकरण पूर्ण नाही?"

"एकबी न्हाय साहेब. आणि मार्चात सगळी येतील. बसा की, पोरांना जूनचं विचारा."

साहेब बसले नाहीत. पंधरा दिवसांत तक्ता नीट भरून द्या, नाहीतर सातवीचं गणित दुसऱ्याकडे द्यावं लागेल, असं सांगून गेले. त्यानंतर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वर्गाच्या दारात येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, लिही पूर्ण, आणि तुझं चालू ठेव तसंच. कोण बघायला येतंय?"

बाई म्हणाल्या, "मी बघतोय की."

हे पहिल्या बाकावर ऐकू आलं, म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं. बाई जाणार. मग डोकं माझं चाललं. ऋण संख्यांचं अख्खं प्रकरण पाठ करायचं, साहेब आले की धडाधड उत्तरं द्यायची, म्हणजे प्रकरण पूर्ण दिसेल. आठ दिवस आम्ही नळापाशी उभं राहून उदाहरणसंग्रहाची उत्तरं ओळीनं घोकली. अमृताकडूनही मीच घोकून घेतलं.

साहेब आले. पुस्तकातलंच विचारलं. अडतीस हात वर. शेवटच्या बाकापर्यंत उत्तरं गेली, अमृतानं तर प्रश्न संपायच्या आत सांगितलं. साहेब खूश झाले. पेन काढून बाईंपुढे धरत म्हणाले, "आता हे प्रकरण तरी पूर्ण झालंय ना? पोरं घडाघडा सांगतायत. लिहा."

बाईंनी आमच्याकडे बघितलं. मी हळूच मान हलवली, लिहा म्हणून.

"साहेब, यातले शेवटचे सहा धडे मी अजून घेतलेलेच न्हाईत," बाई म्हणाल्या. "पोरांनी पाठ केलंय. माझ्यासाठी केलंय. पुढच्या मंगळवारी या आणि हेच विचारा. येताना एकच पेपर काढून आणा, जूनपासूनचा, 'अ'ला आणि 'ब'ला. मग तुम्ही म्हणशीला ते लिहून देतो."

"तसा पेपर काढायची पद्धत नाही," साहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

मंगळवारी साहेब आले नाहीत. बुधवारी संस्थेच्या शिक्क्याची ऑर्डर आली, वरच्या त्या आरोपासकट. बाईंना दुसरीचा वर्ग, आम्हाला सोमवारपासून नवे सर. मधल्या शनिवारी बाईंनी नेहमीसारखी परीक्षा घेतली. भाषण नाही, निरोप नाही, वीस गणितं. वह्या गोळा करून त्या निघाल्या तेव्हा मी व्हरांड्यात त्यांना गाठलं. बारा वर्षांची होते, पण राग पुरता होता.

"एक शब्द लिहायचा होता बाई. तेवढाबी लिहिला न्हाईसा."

वह्या छातीशी धरून त्या जिना उतरून गेल्या.

नव्या सरांनी फेब्रुवारीच्या आत सगळं पुस्तक संपवलं. तक्ता भरला. आम्ही सगळे पास झालो. त्या काळी आठवीपर्यंत कुणी नापास होतच नव्हतं. म्हणजे काय गेलं आणि कुणाचं गेलं, हे कुठल्याच कागदावर उमटलं नाही. वाईट माणसाची कधी वाटली नाही इतकी भीती मला अशा स्वच्छ भरलेल्या कागदाची वाटते.

गेल्या महिन्यात या लेखाचा पहिला खर्डा घेऊन मी बाईंकडे गेले. आता त्या निवृत्त आहेत. ताटात वाटाणा सोलत बसल्या होत्या. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांच्यावर झालेला अन्याय, माझ्या पत्रकांच्या भाषेत, चढ्या आवाजात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अमृताचं पुढचं का न्हाय लिहिलंस?"

लिहिलं नव्हतं, कारण ते आमच्या बाजूचं नव्हतं. सातवीच्या उरलेल्या महिन्यांत अमृता मागे पडत गेली. नवे सर एका प्रकरणातून दुसऱ्यात उडी मारायचे, आणि मागचं पुन्हा कधी समोर यायचंच नाही. तिची बोटं पुन्हा बाकाखाली गेली. नववीत गणितात नापास झाली आणि घरच्यांनी शाळा थांबवली. आता ती साड्यांना फॉल-बिडिंग करते.

"ते लिहिलं तर तुमच्या विरोधात जातंय बाई. लोक म्हणतील, यांच्या हट्टापायी पोरगी गेली."

"मग बरोबर म्हणतील की. मी 'पूर्ण' लिहिलं असतं तर मार्चपर्यंत ती माझ्या हातात होती. मला झोप लागायला पाहिजे म्हणून मी खरं बोललो, आणि किंमत तिनं दिली." त्यांनी एक किडका वाटाणा बाजूला टाकला. "ते तसंच लिही. गोड करू नको."

"तुम्ही खोटं लिहायला पाहिजे होतं, असं म्हणताय?"

"तसं न्हाय म्हणत. पुन्हा तीच वेळ आली तरी न्हाय लिहिणार. पण नुकसान झालं ते झालं. ते कुणाच्या तरी नावावर पडायला पाहिजे. माझ्या पाड."

"मला पटलेलं न्हाय बाई."

"तुला कवा पटलंय?" त्या म्हणाल्या. "तुझं खाली वेगळं लिही. कोण अडवतंय?"

तर बाईंचं म्हणणं वर जसंच्या तसं आहे, आणि माझं हे खाली. अमृताला बाईंनी सोडलं नाही. एक पेपर काढून, एक आठवडा थांबून, एका शिक्षिकेचं म्हणणं तपासून बघणं ज्यांना जड गेलं, त्यांनी तिला सोडलं. त्यांना वाटत असेल मी खोटं लिहितेय, तर त्यांनी मला बोलवावं. संस्थेच्या ऑफिसात, सभेत, कुठंही. मी येईन, आणि अमृताला सोबत आणीन. तिला विचारलंय. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "येतो की."