अर्धा कोयता आणि मोठं मशीन

ऊसतोडीत मजुरी मोजताना नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. बारा हंगाम मी कारखान्यांचा ऊस तोडला आणि बाराही हंगाम अर्धीच होते, पण जोडीला मालक होते म्हणून ते कधी टोचलं नाही. मग ट्रक भरताना मालक फळीवरून पडले. कंबर कायमची गेली. त्या दसऱ्याला टोळी जमवायला आलेला मुकादम दारात उभा राहून म्हणाला, "अर्धा कोयता मी कुठं लावू?" मी त्याच्यासमोर अख्खी उभी होते. तो शब्द डोक्यात गेला तो गेलाच.

ते दुष्काळाचं वर्ष. बांधावरची जुनी झाडं उभ्या उभ्या वाळली आणि दिवाळीनंतर वाऱ्यानं एकेक पडायला लागली. गावच्या मजूर सहकारी संस्थेनं ती कापून रस्ते मोकळे करायचं काम घेतलं. संस्थेकडे एक लहान चेनसॉ होती. तिला सगळे नुसतं मशीनच म्हणत. धडधाकट पुरुष तोडीला गेलेले, म्हणून मशीन माझ्या हातात आलं. कुणी उपकार केले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. उसाची साखर बुडात असते. तोड जमिनीलगतच करायची. बोटभर बुडखा ठेवला तरी मुकादम शिव्या घालतो. हाताला सवय ती. पडलेल्या कडुलिंबाचं खोड कापताना मी मशीन तसंच खाली नेलं, थेट मातीत. साखळीचे दात पार बोथट झाले. चेअरमन सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं की हेच हुनार." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक बाईची नव्हती, ऊसतोड्याची होती. माझ्या जागी कुणी बाप्या असता तरी त्यानं मातीच कापली असती. मी दिवसभर कानस घेऊन बसले आणि एकेक दात घासून काढला.

फाल्गुनात चिंच पडली. पडली ती नेमकी विहिरीच्या वाटेवर आडवी. त्या विहिरीत टँकर ओतला जायचा आणि सगळं गाव तिथून पाणी शेंदायचं. आता टँकर चिंचेच्या अलीकडेच थांबायचा, हंड्यांची झुंबड उडायची आणि निम्मं पाणी मातीत जायचं. खोड दोघींच्या कवेत मावत नव्हतं. साखळी जिच्यावरून फिरते ती मशीनची पट्टी सोळा इंची. दोन्ही बाजूंनी कापलं तरी मधला गाभा तसाच राहायचा. वाळलेली चिंच काय चीज असते ते तेव्हा कळलं. मशीन धूर ओकायचं आणि बंद पडायचं.

चेअरमन म्हणाले, "सिरसाळ्याहून मोठ्या मशीनवाला आणतो. फुडची झाडंबी त्यालाच देऊ." म्हणजे मी घरी, आणि दसऱ्याला पुन्हा मुकादमापुढे हात जोडायचे. मी म्हणाले, "मशीन मोठं घ्या. चालवते मी."

"ह्यालाच लांब पट्टी लावू की."

"सोळा इंचाला धूर काढतंय ते, चोवीस काय वढंल? जोर मशीनला पायजे, पट्टीला न्हाई."

बैठकीत बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: नवं मशीन मी निवडायचं, पण चिंच कापली नाही तर मशीन खाली ठेवायचं, कायमचं.

मालकांना सोबत घेऊन मी परळीला गेले. दुकानात काउंटरवर वीजकेंद्राची राख बसलेली होती. ती फडक्यानं पुसून दुकानदारानं एक छोटंसं, चकचकीत मशीन ठेवलं आणि मालकांना म्हणाला, "हे घ्या. हलकं हाय, बाईंना झेपंल." माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"मला कावून सांगता?" मालक म्हणाले. "मला पाण्याची कळशी उचलत न्हाई. मशीन ती चालवती."

मी वरच्या फळीकडे बोट केलं. बहात्तर सीसीचं इंजिन, चोवीस इंची पट्टी.

"ते लई जड हाय, ताई."

"उसाची मोळी डोक्यावर घेऊन कधी ट्रकात चढलाव का?" मी विचारलं. त्यानं मशीन खाली काढलं. दुकानाबाहेर मी दोरी ओढली. दोनदा नुसतं फुरफुरलं, तिसऱ्यांदा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी चिंचेपाशी गाव जमलं. काही मदतीला आले होते, बरेचसे फजिती बघायला. मशीन चिंचेत घुसलं आणि लालसर भुसा पायावर पडायला लागला. एका बाजूनं गाभ्यापर्यंत गेले, मग दुसऱ्या बाजूनं. खाली येताना हात पुन्हा मातीकडे ओढायला लागले. बारा हंगामांचे हात ते. मी दात-ओठ खाऊन जमिनीच्या चार बोटं वर थांबले. बायांनी पहारी लावून ओंडका फिरवला आणि उरलेलं मी वरून कापलं. दुपारी टँकर विहिरीपर्यंत गेला. चेअरमन म्हणाले, "जमलं की." मी म्हणाले, "जमणारच हुतं." जरा उद्धटपणाच झाला, पण मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.

पुढच्या दसऱ्याला मुकादम परत आला. मी अंगणात साखळीला कानस मारत बसले होते. तो म्हणाला, "चल औंदा. एकटी असलीस तरी अख्खा कोयता धरतो तुला."

"मुकादम," मी म्हणाले, "दोन कोयते धरा, तरी न्हाई यायची." आणि पुढचा दात घासायला घेतला.