फिंजान हलवेपर्यंत

पुण्यात मी चौथीच्या मुलांना इतिहास शिकवायचे. गड, मावळे, तह, लढाया, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा सांगितलं असतं. मग नवऱ्याला ओमानमध्ये, सूरच्या खत कारखान्यात नोकरी लागली. आम्ही बिऱ्हाड हलवलं आणि तिथल्या एका खाजगी शाळेत मला दुसरीचा वर्ग मिळाला. शाळा ओमानी, मुख्याध्यापिका जॉर्डनच्या, बाई कोथरूडच्या आणि पुस्तकं अमेरिकेची.

"सात वर्षांच्या पोरांना अमेरिकेची सुरुवात कशाला?" मी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं. माझा स्वभाव फटकळ, पोटात काही राहत नाही.

"पुस्तकात आहे म्हणून," मुख्याध्यापिका म्हणाल्या. खलास. विषय संपला.

धडा असा होता. इंग्लंडमधली काही माणसं जहाजात बसून निघतात, कारण तिथे त्यांना त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू देत नाहीत. समुद्र ओलांडून ती अमेरिकेच्या किनाऱ्याला लागतात. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यातली निम्मी दगावतात. उरलेल्यांना तिथले मूळ रहिवासी मका लावायला शिकवतात, पीक येतं आणि सगळे मिळून जेवतात. शेवटी पानभर चित्र, सगळ्यांचे चेहरे हसरे.

हिवाळ्यात माणसं मेली हे काही वर्गाला पटेना. सूरमध्ये हिवाळा म्हणजे चैन. एसी बंद, वाळूत चटया, कोळशावर मांस. "हिवाळ्यात कोण मरतं, मिस? उन्हाळ्यात मरतात," एकाने मला समजावलं. शेवटी मी कॅन्टीनमधून बर्फ मागवला, प्रत्येकाच्या तळहातावर एकेक खडा ठेवला आणि म्हटलं, आता यावर झोपायचं. तेव्हा कुठे जरा हलले.

जहाजाचं मात्र काही सांगावं लागलं नाही. अर्ध्या वर्गाचे आजे-पणजे लाकडी जहाजं बांधणारे, नाहीतर चालवणारे. नाखुदा कोण होता, पाणी संपलं तर कुठे भरलं, असे प्रश्न सुरू झाले. नाखुदा म्हणजे आपला नाखवाच की! मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. मक्याच्या मुळाशी मासे पुरतात हे वाचल्यावरही कुणाला नवल वाटलं नाही. त्यांच्या खजुरांनाही तारल्यांचं खत घालतात म्हणे.

मग कुणीतरी विचारलं, "मिस, पाहुणे परत कधी गेले?"

मी पान उलटलं. पुढचा धडा लोहचुंबकाचा होता. असा संताप आला! गोष्ट जेवणापर्यंत सांगायची आणि पुढचं गिळून टाकायचं, ही कुठली रीत? मी पुस्तक मिटलं. "परत गेलेच नाहीत," म्हटलं. "तिथेच राहिले. मागून आणखी आले. भांडणं झाली, आणि ज्यांचं घर होतं त्यांचीच जमीन गेली." वर्ग चिडीचूप झाला.

एक मुलगी तर कायमच चिडीचूप असायची, तिच्याबद्दल सांगायचंय. खाडीपलीकडची, जहाजं बांधणाऱ्यांच्या घरातली. मोठे डोळे, घट्ट वेण्या. लिहायला पहिली, वाचून दाखव म्हटलं की बोट ठेवून डोळ्यांनी वाचणार. तोंडातून चकार शब्द नाही. इंग्रजी सोडा, अरबीच्या बाईंशीही नाही. मी चॉकलेट दिलं, लाडीगोडी केली, एकदा जोरात रागावलेही. ती माझ्याकडे अशी बघायची की मीच वेडी.

तिच्या आईला बोलावलं तर ती हसायलाच लागली. "घरी ये एकदा," म्हणाली. "माझे कान किटतात."

मुख्याध्यापिकांना मात्र हसू येत नव्हतं. "हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत बोलली नाही तर तिला पुन्हा केजीत बसवायचं," त्यांनी मला सांगितलं.

"अहो, पण तिला सगळं येतं!"

"असेल. मला ऐकू आलं पाहिजे."

माझं डोकंच फिरलं. केजीतली मुलं मण्यांच्या माळा करत बसायची. या पोरीला तिथे बसवलं असतं तर तिने तोंडाला कायमचं कुलूप लावलं असतं. घरी येऊन मी नवऱ्यापुढे तणतण केली. तो म्हणाला, "आता तू शांत हो, इन्शाल्ला होईल काहीतरी." कारखान्यात राहून राहून त्यालाही ती सवय लागली होती.

नोव्हेंबरच्या शेवटी पालकांसमोर धड्याचं छोटं नाटक करायचं ठरलं. पात्रं वाटताना मी सरळ हिशेब लावला. ज्यांचं घर सूरमध्ये, ते यजमान. आपण जे बाहेरून आलो, ते जहाजातले पाहुणे. पाहुण्यांचा म्होरक्या केला चिपळूणच्या एका इंजिनिअरच्या मुलाला. पोरगा गोड, नको इतका सभ्य. मी मराठीत बोलले की इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि वर सॉरी म्हणायचा. त्या अबोल मुलीला काय द्यावं? बोलायचं नाही असं एकच काम होतं, कॉफी देण्याचं. खरं तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर तेव्हा कसली आलीय कॉफी! पण यजमानांनी बजावून सांगितलं की काहवा आणि खजूर दिल्याशिवाय पाहुण्यांशी बोलता येत नाही. वाक्यं सगळी त्यानंतर. मी हात टेकले.

तालमी रिकाम्या किटलीने झाल्या. ती ऐटीत यायची, डाव्या हातात चोचवाली किटली, उजव्या हातात फिंजान, म्हणजे वाटीसारखा बिनकानाचा छोटा कप. ओतल्यासारखं करायची, पोरगा प्यायल्यासारखं करायचा, गाडी पुढे. सगळं सुरळीत.

नाटकाच्या दिवशी तिच्या आईने किटली भरून पाठवली. खरा काहवा, वेलदोडा घातलेला, वाफाळता. पहिल्या रांगेत मुख्याध्यापिका, शेजारी तिची आई, मागे सगळे आई-बाप मोबाइल वर धरून. कागदाचं जहाज किनाऱ्याला लागलं. पाहुणे थरथर कापत उतरले, कापण्याचं काम त्यांना फार आवडलं होतं. ती आली, फिंजान भरलं, म्होरक्याला दिलं.

तो प्यायला आणि कप पुढे केला. तिने पुन्हा भरला. तो पुन्हा प्यायला. तिने पुन्हा भरला. "नो, थँक यू," तो म्हणाला. तिच्यावर ढिम्म परिणाम नाही, किटली वाकलेलीच. मग या चिपळूणच्या बाळाने काय करावं? पंगतीत आजोबा करतात तसा कपावर आडवा हात धरला! तिला ते कळेचना. ती हात उचलायची वाट बघत उभी राहिली. कप भाजला तसा त्याने हात काढला, आणि तिने लगेच भरला.

तिचं काही चुकत नव्हतं. तिकडची रीतच अशी आहे. पुरे झालं की फिंजान हलकेच डावी-उजवीकडे हलवायचं. हलवेपर्यंत यजमानाने ओतत राहायचं, थांबला तर त्याचीच शोभा. मला हे पहिल्याच महिन्यात शेजारणीकडे कळलं होतं. पण आपण आपल्या पोरांना सांगतो कुठे? ती आपली इंग्लिश मिडियममधून सभ्यपणा शिकतात.

पोरगा काकुळतीला आला. मी पडद्याआडून दबक्या आवाजात ओरडले, "अरे, हलव! कप हलव!" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सॉरी म्हणून आणखी एक घोट घेतला. बाकीचे यजमान ताटकळले, काहवा झाल्याशिवाय त्यांना बोलता येईना. नाटक ठप्प. मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं. आता संपलं सगळं, मला वाटलं. माझं नाटक गेलं आणि पोरगी बसली मणी ओवत.

तेवढ्यात ती बोलली.

"शेक इट," ती म्हणाली. खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं. पोरगा हबकून बघतच राहिला. तिने किटली कमरेला टेकवली आणि एखाद्या आजीबाईच्या तोऱ्यात इंग्रजीतच पुढचं सांगितलं, "कप हलव. मग तुला घरी जाता येईल."

तिची आई खुर्चीतून अर्धी उठली. मुख्याध्यापिकांचा घड्याळाचा हात तसाच हवेत राहिला.

पण पोरगा धडा शिकलेला. त्याने गंभीरपणे मान हलवली. "आम्ही घरी जाणार नाही. मिसने सांगितलंय. आम्ही इथेच राहणार."

हे नाटकात नव्हतं. ती थांबली, विचारात पडली. आता पुन्हा गप्प झाली तर? मग तिने त्याच्या हातातलं फिंजान काढून घेतलं, आत डोकावून पाहिलं आणि त्याच्या हातात परत ठेवलं.

"मग कप तुम्ही धुवा," ती म्हणाली.

पालक आधी हसले. मग हळूहळू हसू थांबलं. मागच्या रांगेत बहुतेक आमचेच लोक होते, दर दोन वर्षांनी व्हिसा वाढवून घेणारे. त्यांच्यात माझा नवराही होता. मला पडद्याआड रडू फुटलं, अगदी हमसून. पोरगी बोलली याचं की काय बोलली याचं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

पाहुणे खरंच ओळीने बेसिनकडे निघाले. पुढची वाक्यं राहिली ती राहिलीच. मुख्याध्यापिका उठून माझ्याजवळ आल्या. "ऐकू आलं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "आलं ना? मग आता दुसरीतच राहू दे तिला." त्यांनी मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला.

सगळे गेल्यावर मी किटली विसळायला घेतली. पोरांनी कप धुतले होते, बेसिनभर खजुराच्या बिया पडल्या होत्या. तिची आई गाडीशी थांबली होती, पण पोरगी गेली नव्हती. माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली आणि माझ्या हातांकडे बघत होती.

"मिस," ती म्हणाली. तिच्या तोंडून ही हाक मी पहिल्यांदा ऐकत होते.

"काय गं बाळा?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

तिने किटलीच्या चोचीवर बोट ठेवलं. "आतूनही," ती म्हणाली. मी नळ पुन्हा सोडला.