सील साबूत

माझे सासरे गेणभाऊ यांचा जगात कुणावरच विश्वास नाही. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते. निमगाव साव्यात त्यांना ओळखत नाही असं घर नाही, आणि ज्याच्यावर त्यांनी कधी संशय घेतला नाही असंही घर नाही. दूधवाल्याच्या मापावर संशय, पोस्टमनच्या पिशवीवर संशय. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाई साळुबाईंनी, भाजीत मीठ जरा बेतानं घातलं तरी "कुनी सांगितलं तुला?" हा प्रश्न ठरलेला. मी आण्याच्या पठारावरून लग्न होऊन इथं आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "तुज्या बापानं आमच्यात काय पाहिलं? खरं सांग." माझ्या माहेरी उन्हाळाभर पाण्याची बोंब. मी म्हटलं, "विहीर पाहिली, मामा." खरं तेच होतं, पण त्यातही त्यांना काहीतरी काळंबेरं दिसलं असावं. कितीतरी दिवस मी विहिरीकडे गेले की ते मागं यायचे.

उगीच नावं ठेवायला नकोत, त्यांच्या संशयाला कारण घडलेलं आहे. विहिरीवरची मोटर एकदा जळाली आणि बाजारात तार भरायला दिली. परत आली ती दिसायला तीच, रंगही तोच, पण आतली तांब्याची तार गेली होती आणि ॲल्युमिनियमची बसली होती. ती मोटर त्याच उन्हाळ्यात बंद पडली, आणि उभा ऊस वाळला. तेव्हापासून मामा सांगत आले आहेत, "चोरी परवडली, अदलाबदल न्हाय परवडत. बिबट्या शेळी नेतो, पन तिच्या जागी मरतुकडी शेळी बांधून जातो का?"

दुसरं कारण म्हणजे त्यांची नोकरी. सोसायटीच्या खताच्या गोदामावर ते राखणदार होते. संध्याकाळी कुलूप लावायचं, कुलपावर कापड गुंडाळायचं, त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर सही ठोकायची. सकाळी दोन माणसं पंच म्हणून उभी करायची, पट्टी निरखायची, "सील साबूत" असं मोठ्यानं म्हणायचं आणि मगच कुलपाला किल्ली लावायची. नोकरी संपली, पट्टी काही संपली नाही. घरात बियाण्याच्या कोठीला पट्टी आहे, गॅसच्या टाकीला आहे, लोणच्याच्या बरणीलाही आहे. पाहुणे आले की आत्या मला हाक मारतात, "रुपाली, ये गं, लोणचं काढायचंय, पंच पायजे." पट्टीवर सही मात्र फक्त मामांची. त्यांचा स्वतःचा मुलगा, म्हणजे चाकणला नोकरी करणारा माझा नवरा, त्यालाही तो मान नाही.

अशा घरात माझा कॉम्प्युटर आला.

मी ओतूरच्या कॉलेजातून गणित घेऊन बीएस्सी केलं आणि लग्नानंतर ते सगळं गणित भाकरी मोजण्यात घालवलं. मग पुण्याच्या प्राची मॅडमची ओळख निघाली. त्या मुलांचे ऑनलाइन वर्ग चालवतात. त्यांनी मला दहावीच्या मुलांचा गणिताचा वर्ग दिला. नवऱ्यानं एक वापरलेला कॉम्प्युटर आणला, पत्र्याच्या खोलीत टेबल टाकलं, इन्व्हर्टरवरून वेगळी वायर ओढली आणि त्या वायरीचं बटण पडवीत बसवलं. रोज दुपारी चारला मी त्या खोलीत बाई व्हायचे. स्पष्टच सांगते, या घरात माझं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

मामांना ते पटलेलं नव्हतं. "पोरं दिसत न्हाईत, बाक न्हाय, फळा न्हाय. भिताडाशी बोलून कुनी शिकत असतं व्हय?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

मार्च सरता सरता एक दिवस कॉम्प्युटर सुरूच होईना. पंखा फिरायचा, पडदा काळाच, आणि आतून टीं टीं असा आवाज. ओतूरला माझ्या मैत्रिणीचा भाऊ ऋषी दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्याच्याकडे घेऊन गेले. मामा अर्थातच सोबत. स्टूल ओढून ते ऋषीच्या हाताएवढ्या अंतरावर बसले. ऋषीनं बाजूचा पत्रा काढला, आतली धूळ फुंकली, मेमरीची हिरवी पट्टी उपसली, तिच्या पिवळ्या कडा शाळकरी पोराच्या खोडरबरानं घासल्या आणि पुन्हा दाबून बसवली. कॉम्प्युटर सुरू. "रुपालीताई, हे तर घरीपण करता येतं. फक्त आधी वायर काढायची," तो म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत.

तिथंच मामांचा संशय पक्का झाला. येताना एसटीत ते माझ्या कानाशी लागले, "खोडरबरानं मशीन चालू व्हतं व्हय? अन् फुकाट काम करनारा मानूस काय तरी काढून घेतल्याबिगर सोडत न्हाय."

"मामा, तुमी समोरच बसला होता की."

"मोटरीच्या येळंला बी समोरच बसलो व्हतो," ते म्हणाले. आणि मांडीवरचा कॉम्प्युटर त्यांनी घर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी शेतातून येईपर्यंत त्यांनी कॉम्प्युटर टेबलाखालच्या कप्प्यात परत ठेवून दिला होता, आणि समोरच्या कडेला एक पट्टी चिकटवली होती, सहीसकट. मला हसू आलं. म्हटलं, लोणच्याच्या बरणीला भावंड आलं.

आठवडाभरात नवंच दुखणं सुरू झालं. वर्ग रंगात आला की कॉम्प्युटर खाडकन बंद. डोक्यावरचा पंखा चालू, पडद्याची बारीक लाईट चालू, नेमकं मशीन गप्प. लगेच बटण दाबलं तर दाद द्यायचं नाही. थोड्या वेळानं दाबलं की गुमान सुरू व्हायचं, आणि तोवर मुलं निघून गेलेली असायची. मी एकेक गोष्टीवर संशय घेत गेले. प्लग बदलला. मागची वायर चाचपडत काढून पडद्याची लावून पाहिली, तीही बसते. इन्व्हर्टर सोडून तीच वायर सरळ लाईटला जोडून पाहिली. खोडरबरही घासलं असतं, पण त्यासाठी पट्टी फोडायला हवी होती आणि मामा पट्टीला हात लावू देईनात. "फोडली की त्या ऋषीचं फावलं. पुरावाच जाईल," म्हणाले.

प्राची मॅडमचा फोन आला. बाई बोलायला गोड, पण त्या दिवशी आवाज कोरडा होता. "रुपाली, पालक तक्रार करताहेत. सोमवारचा वर्ग अर्धवट तुटला तर मला दुसऱ्या शिक्षिकेला द्यावा लागेल." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून मोरीत जाऊन रडले.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं, आणि ते नको त्या दिशेनं चाललं. पडवीतलं बटण कुणी बंद करून लगेच चालू केलं, तर अगदी असंच होणार. पंखा चालू राहणार, पडदा उजळणार, मशीन मेलेलं. आणि मशीन बंद पडलं की मी धावत पडवीत यायचे, तेव्हा तिथं कोण असायचं? मामा. दर वेळी मामा. खांबाला टेकून, सुपारी कातरत, शांत. भिताडाशी बोलणारी सून त्यांना नकोच होती. मला सगळं लख्ख दिसायला लागलं. या घरात राहून राहून मलाही त्यांचाच रोग लागला होता, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधल्यासारखा.

मी बटणाला बोटभर काजळ फासलं. काळ्या बटणावर काजळ दिसत नाही.

शनिवारी वर्ग सुरू केला आणि पाऊण वर्ग होतो न होतो तोच मशीन बंद. मी बाहेर आले ती सरळ मामांपुढं. "हात दाखवा."

"का?"

"दाखवा म्हणते ना!"

त्यांनी हात पुढं केला. अंगठा काळा कुळकुळीत होता. माझं डोकंच फिरलं. सासऱ्यापुढं आजवर पदर पडू दिला नव्हता, पण तोंड सुटलं. "तुमीच बंद करता! सरळ सांगायचं व्हतं, नको करू म्हनून. चोरून कशाला?"

मामा अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी बंद करत न्हाय. कोन बंद करतंय ते धराया मी हितं रोज बसतो. तू आरडली की बटन चाचपतो, चालू हाय का बंद. रोज चालूच असतं." एवढं बोलून ते उठले. पायरीवर थांबले आणि वळून म्हणाले, "माज्यावं संशय? या घरात संशय घ्यायचं काम माजं हाय."

आत्या पदराआड हसल्या. मला हसू आलं नाही. ते खरं बोलत होते हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि त्यामुळं तर पायाखालची वाळूच सरकली. मामा नाहीत, बटण नाही, वायर नाही. मग सोमवारी मी करायचं काय?

रविवारी बराखीत कांदा भरायचं काम होतं. बराखी म्हणजे कांदा साठवायची बांबूची लांबट खोली, चारी बाजूंनी आणि खालूनही फटी असलेली. मी चहा घेऊन गेले तर मामा गड्यांवर ओरडत होते. कुणीतरी रिकाम्या गोण्यांची चळत बराखीच्या बुडाशी फटींना लावून ठेवली होती. "उचला त्या! कांद्याला वारा नको का? तोंड दाबलं की त्यो आतल्या आत तापतो, घामाजतो अन् बसतो. बाहेरून साबूत दिसतो, आतून गेलेला!"

माझ्या हातात कप तसाच राहिला. तापतो आणि बसतो. थोडा वेळ सोडला की पुन्हा सुरू होतो. वर उन्हानं भाजणारा पत्रा. आणि समोरच्या कडेला ती एक पट्टी. एकच?

मी घरी पळत आले, कॉम्प्युटर सुरू केला, त्यावर व्हिडिओ लावला आणि वाट बघत बसले. बंद पडल्याबरोबर कप्प्यात हात घातला. पत्रा तव्यासारखा तापला होता. वायरी काढून डबा बाहेर ओढला, त्याची भिंतीकडची बाजू उजेडात घेतली. पंख्याची जाळी झाकलेली. पंख्याखालची भोकं झाकलेली. बाजूच्या पत्र्यावरच्या बारीक फटी झाकलेल्या. सगळीकडे खाकी चिकटपट्टी, वर कागद आणि प्रत्येक कागदावर सही. गेणभाऊ. गेणभाऊ. गेणभाऊ.

"मामा!" मी अशी ओरडले की बराखीवरून परतलेले मामा चपलांसकट आत आले.

"ह्या कशाला लावल्या?"

"भोकातनं चिमटा घालून पार्ट काढत्यात. जिथं भोक, तिथं पट्टी."

"मामा, ही बराखी हाय. तुमी बराखीला गोन्या लावल्या."

ते खाली बसले आणि तापलेल्या पत्र्यावर त्यांनी तळहात ठेवला. चटका बसला असेल, पण हात काढला नाही. मी फाडायला पुढं झाले तसा त्यांनी मला अडवलं. "अशी न्हाय फोडायची. साळू, हिकडं ये. पंच पायजे."

आम्ही दोघी पंच म्हणून उभ्या राहिलो. मामांनी चष्मा लावला. एकेका पट्टीवरून बोट फिरवत, कडा निरखत, ते गोदामाच्या दारात म्हणत तसंच मोठ्यानं म्हणत गेले. "सील साबूत. सही माजी. सील साबूत. सही माजी." शेवटच्या पट्टीपाशी आवाज खाली आला. "सगळी साबूत. म्हंजी बाहेरचं कोन बी आलेलं न्हाय." ते थांबले. "म्हंजी चोर म्याच."

दोन मिनिटांपूर्वी मला त्यांचा इतका राग आला होता की माहेरी निघून जावंसं वाटत होतं. आता तो राग कुठल्या कुठं गेला. माझ्या मशीनला कुणी हात लावू नये म्हणून या माणसानं बियाण्याच्या कोठीला लावल्या नसतील एवढ्या पट्ट्या लावल्या होत्या. मामांनी एकेक पट्टी सोलून काढली. आतून धूळ निघाली, ती त्यांनी धोतराच्या सोग्यानं टिपली. मग आम्ही डबा कप्प्यातून काढून टेबलावर, खिडकीशी ठेवला.

सोमवारी वर्ग सुरू झाला. मी एक हात सारखा पत्र्यावर ठेवून शिकवत होते. कोमटच होता. वर्गसमीकरणं संपली, मुलांच्या शंका संपल्या, एका मुलीनं "बाई, आज तुम्ही गेला नाहीत," असं म्हटलं तेव्हा मला खरंच वाटेना. प्राची मॅडमचा निरोप आला की वर्ग तुझ्याकडेच राहील.

मी बाहेर आले. मामा पडवीत बटणाखाली खुर्ची टाकून बसले होते. वर्ग कसा झाला ते विचारलं नाही. मांडीवर कागदाची पट्टी होती, ती त्यांनी माझ्यापुढं धरली. ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'रुपालीचा वर्ग चालू असताना बटणास कोणी हात लावू नये.' खाली त्यांची सही, आणि सहीशेजारी मोकळी जागा.

"कर सई," ते म्हणाले.

मी पेन घेतलं आणि टेकवणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"आदी वाच. म्या दिला म्हनून काय झालं? कुनाच्या बी कागदावं अशी सई करायची नसती."

मी वाचलं. त्यांचं समाधान होईना, म्हणून मोठ्यानं पुन्हा वाचलं. मग त्यांच्या सहीशेजारी माझी सही केली.