सासूबाईंनी आत घेतलेली पँट

मैत्रिणींनो, मघाशी मंद्रूपहून परत आले. जेवणाचं ताट तसंच ठेवून इथं लिहितेय.

सारिका ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. आमच्याकडे बिझनेस कॅज्युअल सक्तीचं झाल्यापासून ती मंद्रूपहून, तिच्या गावाहून, साडीत येते, बाथरूममध्ये शर्ट-पँट घालते आणि संध्याकाळी पुन्हा साडी नेसून एसटी पकडते.

आज सकाळी ऑफिसात फोन आला, तिच्या सासूबाई गेल्या. मी तिला स्कूटीवर बसवलं आणि सुसाट निघाले. साडीची पिशवी टेबलाखालीच राहिली. गावात शिरल्यावर दोघींच्या लक्षात आलं.

दारातल्या बायका हिला बघून रडायच्या थांबल्या. चुलत सासू म्हणाली, "सासू मेली तरी पँट घालून आली. लाज हाय का न्हाय?" कुणीतरी शर्टावरूनच लुगडं गुंडाळलं, तेव्हा कुठं तिला मयताजवळ बसू दिलं.

ती पँट आधी कमरेत सैल होती. सासूबाईंनीच हातानं टाके घालून आत घेतली होती. "नोकरी सोडू नगं, मी हाय की," म्हणाल्या होत्या. सारिका ऑफिसात पँट घालते हे गावात त्यांना एकट्यांनाच माहीत होतं.

मी सांगायला तोंड उघडलं, तर सारिकानं माझा हात दाबला. "नको ताई. आता सासूबाईंना नावं ठेवतील."

तिरडी उचलली तेव्हाही बायका सारिकाच्या पायांकडेच बघत होत्या, लुगड्याखालून पँट दिसतेय का म्हणून.

खरं सांगा, तुम्हाला गप्प बसता आलं असतं का?