यंत्र ‘ठीक’ म्हणालं

छापखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से विचारू नका, तो तुम्हाला उठू देणार नाही! आमच्या सदर बाजारातल्या प्रेसचे तर निम्मे किस्से एकाच कॉम्प्युटरचे आहेत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो आला. फ्लॉपी घातली की छापण्याआधी पान स्वतःच तपासायचा आणि ‘ठीक’ अशी चिठ्ठी काढायचा. आम्ही घामाने निथळत असायचो आणि त्याला एसी!

*

त्याला तपासायला शिकवलं ते आमच्या वानखेडेकाकांनी. तीस वर्षं प्रूफं तपासलेला माणूस. इंजिनियर महिनाभर त्यांच्या शेजारी बसून ते काय काय पाहतात ते लिहून घेत होता. काका पान उलटं धरून का पाहतात, हेही त्याने विचारलं. तसं धरलं की वाकडी ओळ चटकन दिसते, असं काकांनी खुशीत सांगितलं. आपल्या खुर्चीवर कोणाला बसवतोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मला अजून चीड येते.

*

पहिल्याच आठवड्यात त्याने एका कॉलेजचा प्रवेश अर्ज अडवला. कारण काय, तर रकाने रिकामे! अर्जाचे रकाने रिकामेच असणार ना बाबा! पण मालकांना चिठ्ठी हवीच होती. शेवटी प्रत्येक रकान्यात एकेक ठिपका टाकला, तेव्हा कुठे साहेब ‘ठीक’ म्हणाले.

*

चिठ्ठीखाली सही मात्र माणसाची लागायची. उद्या काही झालं तर यंत्राला मेमो कोण देणार?

*

मग हिंगण्याच्या एका कारखान्याचा तक्ता आला. मशीन तातडीने बंद कशी करायची, त्याचा. मजकुरात होतं, दांडा खाली ओढा. चित्रातला बाण दाखवत होता वर. बाण जागेवर आहे म्हणून चिठ्ठी ‘ठीक’. काका सही करीनात.

“हात अडकला त माणूस बाण पाहीन गा, वाचत बसन का?” ते मला म्हणाले.

मालकांनी त्यांना सांगितलं, तुम्हाला यंत्राचा मत्सर वाटतो, उद्यापासून येऊ नका. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. सही मी केली.

दोन महिन्यांनी हात अडकल्यावर तिथल्या फिटरने घाईत दांडा वर ढकलला आणि त्याची बोटं गेली. कारखान्याने कागदावर त्याचाच निष्काळजीपणा लिहिला. आमच्याकडे तक्रार आलीच नाही.

दिवाळीला मालकांनी संत्रा बर्फी वाटली. काका ज्यात सापडलेल्या चुका लिहायचे, ते रजिस्टर सगळ्यांसमोर उघडलं. पुढची पानं कोरी होती.

“वानखेडे गेल्यापासून एकही चूक सापडलेली नाही!”

मीही टाळ्या वाजवल्या.